कोकरू जगले तर नफा: मेंढीपालनाचे व्यवस्थापन आणि एकमेकांना सांगण्याची सवय

राज्य शासनाच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. २०१७ साली ही योजना आल्यापासून आमच्या माण-खटाव भागातील काही तरुणांनी या गटापासूनच सुरुवात केली. त्यांच्यापैकी जो सल्ला विचारायला येतो, त्याला मी आधी एक हिशेब मांडायला सांगतो. समजा, २० पैकी १८ मेंढ्या गाभण राहिल्या आणि जुळी धरून २० कोकरे झाली. एकाकडे त्यातली २ दगावली, दुसऱ्याकडे ६. चारा, औषध आणि राखणीची मजुरी दोघांची जवळजवळ सारखीच. वर्षाचा खर्च भागवायला १३ कोकरांचे पैसे जात असतील, तर पहिल्याच्या हातात ५ कोकरांचा नफा राहतो आणि दुसऱ्याच्या हातात एकाचा. कळप तोच, रान तेच, भावही तोच. फरक केवळ त्या चार कोकरांचा. आणि ती चार कोकरे कशाने गेली, हे बहुतेक वेळा त्याच गावात कोणाला तरी आधीपासून ठाऊक असते.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी गोठ्यातल्या गाईंसाठी आणलेले खनिज मिश्रण मी मेंढ्यांच्या खुराकातही मिसळू लागलो, कारण जे गाईला चालते ते मेंढीलाही चालेल असा माझा समज होता. काही आठवड्यांनी एक चांगली चार दाती मेंढी कळपाच्या मागे राहू लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांच्या कडा पिवळ्या दिसल्या, लघवी गडद तांबूस झाली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्यामागून आणखी दोन गेल्या. पशुवैद्यकांनी सांगितले की मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते आणि ते बाहेर टाकण्याची तिची क्षमता गाईपेक्षा फार कमी असते. म्हणून मेंढीला तांबे बेताचे असलेले, खास मेंढ्यांसाठी बनवलेले मिश्रणच द्यावे लागते. हे ऐकून परतताना शेजारच्या वस्तीवरचा मेंढपाळ भेटला आणि म्हणाला, "अण्णा, मागच्या साली माझ्याबी दोन अशाच गेल्या, पन बोललो नाय कुनाला." तो बोलला असता तर माझ्या तीन मेंढ्या वाचल्या असत्या, आणि मी विचारले असते तरी वाचल्या असत्या.

तेव्हापासून आम्ही अकरा कळपवाले दर अमावास्येला संध्याकाळी एकत्र बसतो. अमावास्येला आमच्याकडे शेतीची बरीच कामे बंद असतात, त्यामुळे वेळ मिळतो. बैठकीला प्रत्येकाने आपली वही आणायची, महिन्यात कोणते जनावर गेले, कोणते आजारी पडले आणि काय उपाय केला हे लपवाछपवी न करता सांगायचे, एवढाच नियम आहे. आजार सांगितला तर आपल्या कळपाचा भाव पडेल अशी भीती सुरुवातीला सगळ्यांनाच होती. ती जायला दोन वर्षे लागली.

वहीत फार लिहावे लागत नाही. प्रत्येक मेंढीच्या कानाला क्रमांकाचा बिल्ला असावा आणि तिच्या नावावर फळल्याची (नर लागल्याची) तारीख, नर कोणता, व्याल्याची तारीख, कोकरे किती व त्यांची जन्माच्या वेळची आणि तीन महिन्यांची वजने, एवढी नोंद असावी. जुने मेंढपाळ शंभर मेंढरांचे चेहरे आणि त्यांच्या तीन पिढ्या तोंडपाठ सांगतात. त्या स्मरणशक्तीपुढे मी नेहमीच नतमस्तक होतो. परंतु ती त्यांच्याबरोबर जाते, वही मागे राहते. माझ्या वहीतूनच मला कळले की दिसायला सर्वांत भरदार असलेल्या दोन मेंढ्यांनी तीन वर्षांत एकही कोकरू तीन महिन्यांपर्यंत वाढवलेले नाही. त्या भरदार होत्या त्या याच कारणाने, कारण त्यांना दूध पाजावे लागतच नव्हते.

जातीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण नवखा माणूस सगळा वेळ इथेच घालवतो. दूरवर चारायला नेणार असाल आणि उन्हाळ्यात चारा तुटका असेल तर दख्खनी मेंढीसारखी काटक मेंढी नाही. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी उंच, बाकदार नाकाची आणि वाढीला चांगली असते. मात्र तिला खायलाही तसेच लागते आणि हौसेपोटी तिचे भाव अनेकदा मांसाच्या हिशेबात बसत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे १९६८ साली बनविहारी निंबकरांनी स्थापन केलेल्या संस्थेने, सुंदरबनातील गरोळ या लहानखुऱ्या मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी देणारी मेंढी निश्चितच फायद्याची आहे, परंतु जिच्या पोटात दोन कोकरे आहेत तिला शेवटच्या दीड महिन्यात भूक मारून चालत नाही. खुराक आणि विताना लक्ष देण्याची तयारी नसेल तर दोन अशक्त कोकरांपेक्षा एक धष्टपुष्ट कोकरू बरे.

नराच्या निवडीत मात्र घाई नको. साधारण २५ ते ३० मेंढ्यांना एक नर पुरतो आणि कळपातील पुढच्या प्रत्येक कोकरात त्याचा अर्धा वाटा असतो. तोच नर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवला की त्याच्या लेकी माजावर येऊ लागतात आणि जवळच्या नात्यातली पैदास सुरू होते. मग कोकरे लहान जन्मतात आणि मरतूकही वाढते. आम्ही अकरा जणांनी यावर नर फिरवण्याची पद्धत काढली आहे. दर दोन वर्षांनी प्रत्येकाचा नर ठरलेल्या क्रमाने पुढच्या कळपात जातो. फिरवण्यापूर्वी नराची तपासणी करून घेतो आणि नव्या ठिकाणी तो तीन आठवडे वेगळा बांधतो. त्यामुळे चांगल्या नरासाठी एकट्याला मोठी रक्कम मोडावी लागत नाही.

मेंढीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा असतो, म्हणून नर कधी सोडायचा हे वितीच्या वेळी चारा काय असेल आणि कोकरू विक्रीला कधी येईल, या दोन गोष्टींवरून मागे मोजत ठरवावे. नर सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढीला रोज २०० ग्रॅमच्या आसपास मका किंवा बाजरीचा भरडा दिला तर अधिक मेंढ्या लवकर माजावर येतात. मेंढी दर १७ दिवसांनी माजावर येत असल्याने नर सुमारे ३५ दिवस ठेवून काढून घेतला की प्रत्येक मेंढीला दोन संधी मिळतात आणि सगळी वीत पाच-सहा आठवड्यांत आटोपते. वर्षभर नर कळपातच असला तर कोकरे सुटी सुटी जन्मतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणे कोणालाच जमत नाही.

मेंढीची प्रकृती डोळ्यांनी नव्हे, हाताने पाहावी, लोकर फसवते. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या कण्यावर तळहात ठेवून बोटांनी हलके दाबावे. कण्याची धार सुरीसारखी हाताला टोचली तर मेंढी खंगलेली आहे, धार मुळीच लागली नाही तर ती अति माजलेली आहे, आणि दाबल्यावर गोलसर उंचवटा जाणवला तर ती योग्य आहे. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भाची बहुतांश वाढ होते. या काळात हरभऱ्याचे किंवा तुरीचे भुसकट, शेवरी, सुबाभूळ किंवा दशरथ घास यांच्या जोडीला रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा, आणि मेंढी लांब पल्ल्यावर नेऊ नये.

वितीचे दिवस हे सगळ्या वर्षाच्या कमाईचे दिवस आहेत, त्यामुळे मी त्या दिवसांत वाघुरीशेजारीच, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या कुंपणाशेजारीच, झोपतो. गेल्या पौषातली एक रात्र सांगतो. पहिलारू मेंढी पहाटे तीनच्या सुमारास व्याली आणि कोकराला न चाटताच बाजूला जाऊन उभी राहिली. थंडीत ओले कोकरू तासाभरात गारठते. मी त्याच्या नाकातोंडातील चिकटा काढला, पोत्याच्या तुकड्याने त्याला खसखसून पुसले आणि तोच ओला तुकडा मेंढीच्या नाकाला लावला. मग दोघांना चार फूट बाय चार फूट कप्प्यात कोंडले. सडाला मेणासारखा खडा बसलेला असतो, म्हणून प्रत्येक सडातून दोन धारा जमिनीवर काढून टाकल्या आणि सड कोकराच्या तोंडात दिला. थोड्या वेळाने त्याची शेपटी हलू लागली, तेव्हा त्याला चीक मिळतो आहे हे कळले. सकाळपर्यंत मेंढीने त्याला आपले मानले होते.

चिकाबाबत हयगय करू नये. मेंढीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि कोकराचे आतडे ती पहिल्या काही तासांतच उत्तम शोषते, चोवीस तासांनंतर जवळजवळ नाहीच. म्हणून तासाभरात पहिला चीक आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला सुमारे पाव लिटर, पोटात गेला पाहिजे. नाळ आयोडीनमध्ये बुडवावी. एखादीला दूध कमी असेल तर त्याच रात्री व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा चीक पाजावा. आमच्या गटात चीक गोठवून ठेवण्याची सोय एका घरच्या फ्रिजमध्ये आहे आणि ज्याला गरज पडेल तो रात्री-अपरात्री दार वाजवतो. गोठवलेला चीक कोमट पाण्यात ठेवून वितळवावा. उकळला तर त्यातील गुण जातो.

लसीकरण सर्वांनी एकाच दिवशी करावे. आंत्रविषार आणि घटसर्पाची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात टोचून घ्यावी, कारण कोवळे गवत अधाशीपणे खाल्ल्यावर आंत्रविषाराने धडधाकट कोकरू काही तासांत जाते. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर एकदा दिली की साधारण तीन वर्षे संरक्षण देते. देवी, लाळ्या-खुरकूत आणि निळी जीभ यांचे वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावे. अकरा कळपांची संख्या एकत्र कळवली की लशीचे नियोजन सोपे होते आणि उघडलेली बाटली वाया जात नाही.

जंतांचे औषध मात्र सरसकट पाजण्याची सवय सोडावी. दर महिन्याला तेच औषध, तेही अंदाजाने कमी मात्रेत पाजल्याने औषधाला न जुमानणारे जंत आपणच तयार करतो. रक्त पिणारा जंत वाढला की खालच्या पापणीची आतली बाजू लाल न राहता पांढुरकी होते आणि जबड्याखाली पाणी उतरते. अशी जनावरे निवडून, वजन करून पूर्ण मात्रा द्यावी, आणि पाच-सहा मेंढ्यांच्या लेंड्यांचे नमुने तपासून मगच पूर्ण कळपाचा निर्णय घ्यावा. दव सुकल्याशिवाय मेंढरे रानात सोडायची नाहीत, हा आपल्या वाडवडिलांचा नियम जंतांसाठीही खरा आहे, कारण जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यांवर चढलेल्या असतात. काढणीनंतर सांडलेल्या धान्याच्या खळ्यावर आणि ज्वारीच्या खोडव्याच्या कोवळ्या फुटव्यांवर भुकेला कळप कधीही घालू नये. एका दुपारीत अख्खी दावण रिकामी होऊ शकते.

निवाऱ्यावर मोठा खर्च करू नका. प्रत्येक मेंढीला १० ते १२ चौरस फूट छताखाली आणि त्याच्या दुप्पट जागा उघड्यावर, जमीन कोरडी आणि वारा खेळता असला म्हणजे पुरे. लोकरीचे उत्पन्न आता कातरणीच्या मजुरीलाही अनेकदा पुरत नाही, हे दुःखाने मान्य करावे लागते. परंतु खतासाठी शेतात मेंढरे बसवण्याचे मोल टिकून आहे आणि लेंडीखताला द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार मागणी करतात, म्हणून ते खत उकिरड्यात न मिसळता वेगळे साठवावे.

विक्रीत सर्वाधिक पैसा नजरेच्या अंदाजात जातो. व्यापारी दिवसाला शेकडो जनावरे पाहतो, त्याचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का असतो, आणि रुमालाखाली बोटे धरून झालेल्या सौद्यात शेजारच्याला काय भाव मिळाला हेही कळत नाही. आम्ही वर्गणीतून टांगता वजनकाटा घेतला. लोणंद, आटपाडी किंवा सांगोल्याच्या बाजाराला जाण्याआधी प्रत्येक कोकराचे सकाळचे वजन वहीत लिहितो, आणि परतल्यावर कोणत्या वजनाला काय दर मिळाला ते सर्वांना सांगतो. एका टेम्पोत चार घरांची कोकरे गेली तर भाडेही विभागते आणि व्यापारी घाई करून भाव पाडू शकत नाही.

बाजाराची वेळ पंचांग पाहून ठरवावी. आखाडात मागणी वाढते, श्रावण लागताच ती ओसरते, चैत्र-वैशाखात जत्रांमुळे पुन्हा उठाव येतो. बकरी ईद इंग्रजी कॅलेंडरच्या मानाने दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते आणि तिच्यासाठी निर्दोष, वर्ष पूर्ण झालेले नर लागतात. म्हणजे त्या बाजारासाठी नर सोडण्याची तारीख सुमारे १७ महिने आधी धरावी लागते. टेम्पो भरण्याच्या आदल्या रात्री वही उघडून ज्या मेंढ्यांनी सलग दोन वेतांत आपली कोकरे तीन महिन्यांपर्यंत जगवली आहेत, त्यांच्या लेकी बाजूला काढाव्यात आणि कितीही भाव आला तरी त्यांना टेम्पोत चढवू नये.