जुन्या घराला नवं रूप देताना या चुका टाळा

जुनं घर ताब्यात आलं की लोक आधी भिंतींना हात घालतात आणि चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापतात. ही चूक पाहून मी थकलोय. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडून देते. वर सिमेंट, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढला की ती वाट बंद होते, क्षार आत साचतात आणि गिलावा फुगतो.

एका घराची बैठकीची भिंत अशीच गुळगुळीत करून दिली होती. वर्षाच्या आत कमरेपर्यंत रंगाचे पोपडे सुटले. कंत्राटदाराने खरवडून पुन्हा तेच लावलं. मला बोलावलं तेव्हा भिंतीवर टकटक केली की पोकळ आवाज येत होता. सिमेंट काढताना विटांच्या कडा सोबत निघाल्या, आणि ते नुकसान भरून निघत नाही. बाहेर पन्हाळीचं पाणी पायाशी मुरत होतं. आधी ते थांबवलं, भिंत सुकू दिली आणि मगच चुना लावला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे दोन थरांमध्ये थांबावंच लागतं. घाई असणाऱ्यांनी जुनं घर घेऊच नये.

दुसरा घोळ उजेडाचा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक दिव्याखाली जुनं सागवान निर्जीव दिसतं. मी २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) असलेलेच दिवे घेतो. भिंतीला घासून जाणारा प्रकाश उघड्या विटांवर सुंदर दिसतो, पण डागडुजी केलेल्या गिलाव्यावर प्रत्येक थापीचा फटकारा दाखवतो. म्हणून वायरिंगआधी मी संध्याकाळी लांब वायरचा दिवा घेऊन खोलीभर फिरतो आणि जागा खडूने आखतो. नुसत्या डाऊनलाइटसाठी, म्हणजे छतात बसवून खाली उजेड टाकणाऱ्या दिव्यांसाठी, फॉल्स सीलिंग करून तुळया झाकणं मला अजिबात पटत नाही.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

नव्या कपाटांवर जुन्या नक्षीची नक्कल नको. साध्या, सरळ रेषांशेजारी मूळ कोरीवकाम जास्त उठून दिसतं.

खिडक्या कुजल्या म्हणून सरसकट काढून टाकू नका. बहुतेकदा चौकटीचा खालचा भागच गेलेला असतो. चांगला सुतार तेवढंच कापून नवं लाकूड सांधतो.