पडलेल्या घरांचा माग कसा काढावा: रेवदंडा-चौलकडच्या वाड्यांतून

वही, पेन्सिल, फोन हाताशी आहेत असं धरतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नकाशाची नक्कल काढा आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटियर वाचा. चौल-रेवदंड्यावर त्यात भरपूर मजकूर आहे. हे काम सोपं.

घोडं अडतं ते पुढे. ‘जुन्या माणसांशी बोला’ हा सल्ला जो तो देतो; कसं बोलायचं, ते कुणी सांगत नाही. मला सगळ्यात जास्त रखडवलं ते याच टप्प्याने. ओटीवर बसून “आजी, इथे पूर्वी काय होतं?” विचारलंत, तर “मोठं घर होतं हो, माणसंही भरपूर” याच्यापुढे गाडी जात नाही. इमारत विचारूच नका, वाट विचारा. “शाळेतून घरी कुठून यायचात? पाऊस आला की कुणाच्या पडवीत थांबायचात?” जमलं तर सोबत चाला. वळणावर पाय थबकतात आणि मग माडी, जिना, मागचं न्हाणीघर सगळं क्रमाने बाहेर पडतं.

जुना फोटो आधी दाखवाल तर काम बिघडेल. मग माणूस आठवत नाही, फोटोत दिसतं तेच सांगतो. दोघा म्हाताऱ्यांना एकत्रही बसवू नका. ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण खरी ठरते.

साल विचारणं तर निव्वळ वेळेचा अपव्यय. घटना विचारा. रेवसकडे निघालेली रामदास बोट 17 जुलै 1947 ला बुडाली, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, निसर्ग वादळ 3 जून 2020 चं. “रामदास बुडाली तेव्हा माडी होती का? भूकंपात हलली का?” एका घटनेला घर उभं आणि पुढच्या घटनेला नाही, म्हणजे मधला काळ हाती आला. नेमकं साल मिळण्याचा हट्ट सोडा.

जमिनीवर जोतं आणि विहीर शोधा, त्या जागच्या हलत नाहीत. चिऱ्यांवर विसंबू नका. जांभ्याचा चिरा कोकणात कुणी टाकत नाही. पडक्या घराचे चिरे पार पलीकडच्या आळीतल्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, निघतात. आणि जाड भिंत दिसली की ‘पोर्तुगीजांची’ म्हणायची घाई नको. रेवदंड्यातला सातखणी बुरूज हा खरोखरच त्यांच्या चर्चचा मनोरा, पण रेवदंडा 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. त्यानंतरही लोकांनी भिंती बांधल्याच की.

पाहिलेलं शाईने, ऐकलेलं पेन्सिलने नकाशावर मांडा.

मोजायची टेप मात्र सगळ्यात शेवटी काढा, तीही मालकाला विचारून. ती दिसली की ‘मोजणीवाले आले’ अशी कुजबुज होते, भाऊबंदकीतली जागा असेल तर अख्खी आळी गप्प बसते, आणि मग चहासुद्धा मिळत नाही.