क्षारपड रानात पीक खुरटतंय? या चुका टाळा

शिरोळ, वाळवा, मिरज भागात उसाच्या रानात पांढरे मीठ फुटले की दोन गोष्टी हमखास होतात. कुणी ट्रॉलीभर जिप्सम आणून विस्कटतो, तर कुणी मीठ धुऊन जावे म्हणून पाणी वाढवतो. पैसा जातो आणि पीक बहुतेक वेळा होते तसेच राहते. जमिनीत काय घालायचे याची चर्चा खूप होते. खारट जमिनीत रोप स्वतः कसे झगडते, ते फारसे कुणी पाहत नाही.

मीठ पिकाला दोन बाजूंनी त्रास देते. पहिला त्रास तहानेचा. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की ते ओढून घेणे मुळांना जड जाते, म्हणून रानात ओल असूनही पीक दुपारी माना टाकते. नंतर सोडियम आणि क्लोराइड वर चढून जुन्या पानांत साठतात, शेंडे आणि कडा करपतात. सहनशील पिकाच्या मुळांतील पेशी आत शिरलेले सोडियम पुन्हा बाहेर टाकतात, खोडाकडे जाणाऱ्या रसातून ते शक्य तेवढे काढून घेतात, आणि तरीही पेशीत पोचलेले तिथल्याच एका कप्प्यात कोंडून ठेवतात. पोटॅशियम मात्र धरून ठेवतात. या सगळ्या कामाला ऊर्जा लागते, आणि ती मिळवायला मुळांना ऑक्सिजन हवा.

निचऱ्याशिवाय पाणी वाढवणे ही पहिली चूक म्हणूनच सगळ्यात महागात पडते. रान पाणथळ झाले की मुळांची हवा तुटते, सोडियम बाहेर टाकण्याचे काम मंदावते आणि ते सरळ पानांत चढू लागते. म्हणजे एरवी थोडेफार मीठ सोसणारे पीकही साचलेल्या पाण्यात बसते. शिवाय भूजल वर आले की उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. मीठ धुवायला पाणी लागतेच, पण धुतलेले मीठ जायला वाट हवी. आधी उघडे चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, मग पाणी. हा क्रम उलटा करू नका. एकट्याच्या रानातून पाइप काढून पाणी सोडायचे कुठे हा प्रश्न येतो, त्यामुळे बांधाला बांध लागलेल्यांनी एकत्र येऊन निचरा काढणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक पांढऱ्या रानात जिप्सम टाकणे. खारवट आणि चोपण या वेगळ्या जमिनी आहेत. संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे मोजमाप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल पण सामू (pH) ८.५ च्या आत असेल, तर जमीन सहसा खारवट; तिला निचरा आणि पाणी पुरते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, सामू ८.५ च्या वर जातो, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होते. जिप्समचे कॅल्शियम तिथे सोडियमला हटवते. पण हटलेले सोडियमही धुऊन बाहेर गेले पाहिजे, म्हणजे इथेही निचरा आलाच. जमीन चुनखडीची असेल तर गंधकही चालतो.

माती परीक्षणाचा अहवाल वाचताना एक गोष्ट जरूर विचारा: वाहकता संपृक्त अर्काची आहे की १:२.५ द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी)? दुसऱ्या पद्धतीत आकडा बराच कमी येतो आणि खारवट जमीन चांगली वाटते.

तिसरी चूक म्हणजे सहनशील पीक सगळ्या वयात सहनशील असते असे धरून चालणे. संपृक्त अर्काच्या मोजमापात बार्लीचे उत्पादन साधारण ८ डेसीसायमन प्रति मीटर, कापसाचे ७.७, गव्हाचे ६ पर्यंत टिकते, उसाचे १.७ आणि कांद्याचे १.२ च्या पुढे घटू लागते. पण हे आकडे मुख्यतः उगवून वाढलेल्या पिकाचे. शुगरबीट मोठे झाल्यावर चिवट असते, उगवताना मात्र नाजूक. भात कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात सर्वांत हळवा. कोकणातल्या खार जमिनीत 'पनवेल'सारखे मीठ सोसणारे भाताचे वाण घेतले तरी मोठ्या पावसाने मीठ उतरण्याआधी लावणीची घाई नको. जरा जून रोप लावा आणि चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत, एखादे रोप जास्त ठेवा.

सरी-वरंब्यावर बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नका. पाणी दोन्ही बाजूंनी वर चढून माथ्यावर उडते, त्यामुळे मीठ नेमके तिथेच साठते. बगलेला, ओलीच्या रेषेजवळ लावा.

करपलेल्या कडा पाहून खताचा डोस वाढवू नका. खतेही क्षारच आहेत. पोटॅश द्यायचेच असेल तर क्लोराइडचे म्युरेट टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, महाग असले तरी. आणि ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका. ते आच्छादन म्हणून पसरले की बाष्पीभवन कमी होते आणि खालचे मीठ वर कमी येते. रान मोकळे राहणार असेल तर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडा. हे पीक खारट आणि पाणथळ दोन्ही सोसते.