लातुरात बसून मिनिएचर गेमचे व्हिडिओ करायचे तर: नवीन पोरांसाठी थोडं अनुभवातून

वॉरहॅमरचे, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या गेमचे व्हिडिओ मराठीत कोण बघणार, हे मला लग्नाच्या शूटिंगवर भेटणारा प्रत्येक कॅमेरावाला विचारतो, आणि नवीन पोरं विचारतात ते वेगळंच, दादा कॅमेरा कोणता घेऊ. दोन्ही सध्या बाजूला ठेवा. आधी हे बघा की ज्यानं आयुष्यात कधी मिनी (असा एक छोटा सैनिक) हातात धरली नाही त्याला तुम्ही नेमकं काय दाखवायलात. खेळताना जी मजा येते ती खेळणाऱ्याला येते, बघणाऱ्याला नुसतं दिसतं की दोन माणसं टेप घेऊन तीन तास इंच मोजायलेत आणि मधेच वाटीभर फासे टाकायलेत.

मी लातूरचा, दिवसा लग्न, वास्तुशांती, बारशाचे व्हिडिओ एडिट करतो आणि उरलेल्या वेळात हा उद्योग. ज्यांना हा प्रकार अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मिनी म्हणजे मिनिएचर, हे अडीच-तीन सेंटिमीटर उंचीचे सैनिक असतात, ते आपणच जोडायचे, रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फाशांवर लढवायचे. सगळ्यात गाजलेला गेम वॉरहॅमर ४०,०००, इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपचा, १९८७ पासून चालू आहे. मिनी महाग पडतात हे खरंय. पण नियम काही फार महाग नाहीत, वन पेज रूल्ससारखे गेम तर नियम फुकट देतात आणि कुठल्याही कंपनीची मिनी चालते म्हणतात, त्यामुळे सुरुवात अडत नाही.

आता मुद्द्याचं. बघणारा फाशांसाठी येत नाही, तो निर्णयासाठी थांबतो. म्हणजे काय, तर समजा तुमची एक तुकडी आत्ताच रणांगणात उतरली, शत्रू नऊ इंचाच्या थोडा पलीकडे, चार्ज करायचा, म्हणजे धावून जाऊन भिडायचं, तर दोन फाशांची बेरीज नऊ किंवा जास्त यायला पाहिजे. ३६ पैकी १० वेळाच येते ती, म्हणजे चारात एकदा म्हणा, जरा जास्त. हे फासे टाकायच्या आधी सांगा. चार्ज फसला तर काय जाणार, कोण उघड्यावर पडणार, ते दाखवा, तुकडीचा क्लोजअप, समोरच्या बंदुकीचा क्लोजअप, खेळणाऱ्याचा चेहरा, आणि मगच फासे. तोच सीन आधी फासे दाखवून मग समजावला तर कचरा होतो. बाकीच्या शंभर फाशांचं काय करायचं? कापायचे. "बारा गोळ्या मारल्या, सात लागल्या, तीन मेले" एवढं व्हॉइसओव्हरला सांगून पुढं जायचं, कुणाला काही वाटत नाही. अख्ख्या गेममध्ये असे पाच-सहा निर्णय निघतात ज्यावर निकाल फिरतो, माझा निम्मा एडिट तेवढ्यावरच जातो आणि तो जातोय ते बरंच आहे.

नियम सुरुवातीला समजावत बसू नका ही दुसरी गोष्ट. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं, आपल्याला ते उलटं करायचंय, आख्यान आधी लावायचं आणि नियम जिथं लागेल तिथं एका वाक्यात. माझी आत्या माझी पहिली प्रेक्षक असते, तिला गेमचं ओ की ठो माहीत नाही, मी कच्चा एडिट लावून देतो आणि गप बसतो. ती जिथं म्हणते "आरं हा निळा कुठं गेला मघाचा?" तिथं मला कळतं की मिनी मेली ते दाखवायचं राहिलंय, आणि ती जिथं मोबाईल हातात घेते तिथं कात्री. यूट्यूबचा रिटेन्शन ग्राफ (लोक कुठं व्हिडिओ सोडून गेले ते दाखवणारा) हेच सांगतो पण अपलोड झाल्यावर, आत्या आधी सांगते.

म्हणून पात्रं लागतात. पन्नास सैनिकांतले दोन-तीन निवडा, नाव द्या, रंगात एक खूण द्या, लाल फेटा द्या नाहीतर मोडकी ढाल द्या, काहीही, पण लांबून ओळखू आला पाहिजे. मग तो वाचला का मेला याच्यात लोकांचा जीव अडकतो.

गेम कोणता घ्यायचा पहिल्यांदा? लहान. वॉरहॅमरचा २००० पॉइंटचा, म्हणजे मोठ्या सैन्याचा सामना ६० बाय ४४ इंचाच्या टेबलावर होतो, पाच राऊंड, शूटिंग धरलं तर अख्खा रविवार गेला समजा. त्यापेक्षा त्याच कंपनीचा किल टीम बघा, ३० बाय २२ इंचाचा बोर्ड, एका बाजूला दहाच्या आसपास मिनी, चार टर्न. साध्या स्टडी टेबलावर मावतो. प्रत्येक मिनीला चेहरा देता येतो आणि फाइलींनी मोबाईल भरत नाही.

वरून घेतलेल्या शॉटचं एक गणित सांगतो जे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हिडिओची फ्रेम १६:९ असते आणि टेबल तेवढं लांबट नसतं. ४४ इंच उंचीत बसवलं की रुंदीत ७८ इंच दिसतात, टेबल मात्र ६० चं, म्हणजे दोन्ही बाजूला नऊ-नऊ इंच मोकळे. लोक तिथं चहाचे कप आणि चार्जर ठेवतात. तीच जागा वापरा, एका बाजूला काळ्या कापडावर मेलेल्या मिनी ओळीनं मांडत जा, दुसऱ्या बाजूला एडिटमध्ये स्कोअर टाका. निम्म्यातून बघायला आलेल्यालाही एका नजरेत कळतं कोण मार खायलंय. किल टीमच्या बोर्डलाही फ्रेममध्ये त्याच प्रमाणात जागा उरते, इंचात मात्र निम्मी, साडेचार-साडेचार. मोबाईलच्या मेन लेन्सनं मोठं टेबल घ्यायला तो टेबलाच्या वर पाच ते सहा फूट लागतो, किल टीमला साधारण तीन. अल्ट्रावाइड लावू नका, कडेच्या मिनी आडव्या ताणल्या जातात आणि सरळ रेषा वाकतात. छत बुटकं असेल तर बोर्ड सरळ सतरंजीवर खाली घ्या, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एका दोस्तानं असंच केलं आणि त्याचे शॉट माझ्यापेक्षा भारी यायलेत. फक्त पंख्याच्या हुकाला मोबाईल बांधायच्या आधी दोरी दोनदा ओढून बघा.

वरचा शॉट नकाशासारखा असतो, त्यानं गोष्ट कळते पण मन लागत नाही. मन लागतं ते मिनीच्या डोळ्याच्या उंचीवरून. मोबाईल टेबलावर उभा केला तरी लेन्स वरच्या कोपऱ्यात राहते, म्हणून मोबाईल उलटा करा, लेन्स खाली टेबलाला टेकू द्या आणि एडिटमध्ये चित्र सरळ करून घ्या. एका झटक्यात तीन सेंटिमीटरचा सैनिक डोंगराएवढा दिसतो. अगदी जवळ नेलं की मागचं सगळं धूसर होतं, नाकावर फोकस आणि तलवार गायब असं होतं, तर थोडं मागं सरका आणि २एक्स लेन्सवर घ्या, जास्त भाग शार्प येतो. एक्सपोजर आणि फोकस बोट दाबून लॉक करा, नाहीतर हात फ्रेममध्ये आला की चित्र पंप मारल्यासारखं उजळतं-मावळतं. मागं भिंतीवरचं कॅलेंडर दिसू देऊ नका. लातूरच्या गंजगोलाईत कापडाच्या दुकानातून काळा नाहीतर गडद निळा कपडा घ्या, दोन मीटर पुरतो.

लाइटबद्दल थोडं सविस्तर बोलतो कारण नव्वद टक्के घाण तिथंच होते. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. बरेच मोबाईल सेकंदाला ३० फ्रेमवर सेट असतात, त्यात शटर (प्रत्येक फ्रेमला लाइट किती वेळ आत घ्यायचा ते) १/६० सेकंदाला गेलं की स्क्रीनवर पट्टे फिरायला लागतात. इलाज फुकट आहे: २५ फ्रेम आणि शटर १/५०. मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड नसेल तर ब्लॅकमॅजिकचं फुकटचं कॅमेरा ॲप टाकून बघा, चालत असेल तर काम झालं. लाइट दोन पुरतात, पांढरे, दोन्ही एकाच जातीचे, एक बाजूनं जोरात आणि दुसरा समोरून हलका. पिवळा एक आणि पांढरा एक असं केलं तर रंगवलेल्या मिनीचा रंग कुणाला कळणार नाही, रात्र रात्र जागून रंगवलेलं सगळं पाण्यात. लाइटच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर लावा. आणि मिनीवर मॅट, म्हणजे न चमकणारं वार्निश मारा, ग्लॉस असेल तर प्रत्येक टकलावर बल्बचं प्रतिबिंब दिसतं.

उन्हाळ्यात प्रायमरचा (रंगाच्या आधीच्या थराचा) स्प्रे सकाळी लवकर मारा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर गेला की रंगाचा थेंब हवेतच सुकतो आणि मिनीवर रवाळ बसतो, मॅक्रो लेन्समध्ये तो रवा असा दिसतो की विचारू नका.

टेरेनला, म्हणजे टेबलावरच्या डोंगर-झाडांना पैसे घालू नका बाबांनो. आपल्याकडं तुराट्या आहेत, चाळलेली काळी माती आहे, रंगवलेला भुसा आहे, बाभळीच्या वाळक्या फांद्या आहेत. थर्माकोलचे डोंगरकडे करायचे तर आधी फेविकॉलमध्ये रंग कालवून एक हात मारा, मगच स्प्रे, कारण स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. आणि दगड कसा दिसतो ते बघायला इंटरनेटची गरज नाही, दौलताबादला जाऊन या, तासलेला कडा, खंदक, अंधारी वाट, सगळं तिथं आहे. बेसाल्ट नुसता काळा नसतो, त्यात तपकिरी आणि जांभळट छटा असतात, फोटो काढून आणा आणि तेच रंग कालवा. परग्रहावरची लढाई देवगिरीच्या कड्यावर लावली तरी बघणाऱ्याला ती परग्रहावरचीच वाटते, आपल्या लोकांना मात्र मनातल्या मनात मजा येते.

आवाज. लोक हलकं चित्र सहन करतात, घाण आवाज नाही. खेळताना लाइव्ह बोललेलं मी फारच कमी वापरतो, एखादी शिवी-हशा-ओरडा एवढंच. कूलर चालू, पंखा चालू, शेजारी डीजेचं टेस्टिंग, त्यात काय ऐकू येणार. कथा नंतर रेकॉर्ड करायची, पहाटे, कूलर बंद करून, दोन गोधड्या दोन बाजूला लटकवून, कॉलर माइक छातीला. फाशांचा आवाज वेगळा घ्या, लाकडी ट्रेमध्ये पातळ फेल्ट टाकून. उघड्या प्लायवर फासे पडले की कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. भाषा आपलीच ठेवा. मी सुरुवातीच्या काळात पुण्याचं ऐकून ऐकून तसं बोलायला बघायचो, मग एकानं लिहिलं "लातूरचाच हाईस ना, मग असं का बोलायलास", तेव्हापासून "लई", "बे" सगळं राहू देतो.

आपल्या भागातली लढाई घ्या असं मी मुद्दाम सांगीन. उदगीरची घ्या, फेब्रुवारी १७६०. एका बाजूला निजाम सलाबतजंग आणि निजामअली, दुसऱ्या बाजूला सदाशिवरावभाऊ, आणि भाऊंच्या सोबत इब्राहिमखान गारदीचा तोफखाना, जो आधी निजामाकडंच होता. यातच गोष्ट झाली बघा, ज्यानं तिकडची तोफ शिकवली तोच इकडून डागायलाय. मराठे जिंकले, दौलताबाद पदरात पडलं, आणि पुढच्याच जानेवारीत भाऊ आणि इब्राहिमखान दोघंही पानिपतावर मारले गेले. बघणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळं भाऊंची मिनी टेबलावर ठेवली की वेगळं काही समजावावं लागत नाही. १५ मिलिमीटरच्या मिनी घ्या, मोठ्या लढाईला २८ च्या परवडत नाहीत. एकच काळजी, गेममध्ये निजाम जिंकू शकतो, आणि जिंकला तर कमेंटमध्ये महाभारत होतं. सुरुवातीलाच स्क्रीनवर लिहा, मांडणी इतिहासाची आहे, निकाल फाशांचा.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्वचं फुकट व्हर्जन पुरतं. ४के मध्ये शूट करून १०८० च्या टाइमलाइनवर टाका, दुप्पट झूम करता येतो आणि एकाच वरच्या कॅमेऱ्यातून दोन कॅमेऱ्यांचं काम निघतं. राऊंडनुसार चॅप्टर टाका, पहिला ००:०० वरच पाहिजे, कमीत कमी तीन पाहिजेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदाचा, नाहीतर यूट्यूब घेत नाही. नियमांच्या पुस्तकाची पानं स्क्रीनवर वाचता येतील अशी दाखवू नका. आणि वॉरहॅमरची पात्रं घेऊन ॲनिमेशन बनवायची हौस असेल तर आवरा, गेम्स वर्कशॉपनं २०२१ मध्ये फॅन ॲनिमेशनला सरळ नाही म्हणून लिहून ठेवलंय. कुणी दुकानदारानं मिनी फुकट पाठवल्या तर व्हिडिओत तसं सांगा, नियम आहे म्हणूनही आणि लपत नाही म्हणूनही.

पैशाचं विचाराल तर यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तासांचा वॉच टाइम लागतो (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा), आणि मराठीत हा विषय घेऊन तिथं पोचायला वेळ लागतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझं पोट यावर नाही. पण यातून जे हाताला लागलं त्यावर कामं मिळाली, कारण बोटाएवढी वस्तू नीट दिसेल असं शूट करणं सगळ्यांना येत नाही, आणि सोन्याचांदीच्या दुकानांना नेमकं तेच हवं असतं. नथ काय आणि मिनी काय, लाइट तोच, लेन्स तीच, फोकसचं दुखणं तेच. फक्त सराफाला नमुना दाखवायला जाताना बंदूकवाला राक्षस घेऊन जाऊ नका, भाऊंच्या पगडीवरचा मोती आणि तलवारीची मूठ तेवढी कापून पंधरा सेकंदाची रील न्या, आणि रेट तिथं उभ्या उभ्या सांगू नका, घरी येऊन व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.