पर्लकोटेला पूर येण्याआधी: दुर्गम गावाची आरोग्य-तयारी कशी करावी

भामरागड तालुक्यातल्या गावाला ‘१०८ ला फोन करा’ एवढा सल्ला पुरत नाही. फोनला रेंज लागते, गाडीला रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर पाणी, आडवे पाडलेले झाड किंवा चकमक नसावी लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधली वाटच बंद होते. गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून घरापासून पहिल्या डांबरी रस्त्यापर्यंतचा टप्पा गावानेच सांभाळायचा, असे धरून चाला. आणि हे सगळे मे महिन्यात उरका. मृग लागला की माणसे शेतात सापडतात, सभेत नाही.

१. ठराव उघडपणे घ्या

ही पायरी लोक कागदी समजून सोडतात. माझ्या मते सगळ्यात मोठी हीच. नक्षलग्रस्त भागात गावात औषधांचा साठा दिसला की ‘कोणासाठी?’ हा प्रश्न पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्हीकडून येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा नेता भूपती याने साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवल्यापासून जिल्ह्यातले वातावरण बदलले आहे, पण संशय इतक्या लवकर जात नाही. त्यामुळे काय ठेवणार, कोणाकडे ठेवणार आणि रुग्ण कोण उचलणार हे ग्रामसभेत ठरवून लिहून घ्या. ठरावाची प्रत ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पोलीस मदत केंद्राला द्या. औषधांची वही कोणालाही पाहता यावी. रुग्ण नेणाऱ्या पोरांनी कोणाचाही निरोप, सामान किंवा खबर न्यायची नाही, हेही त्यातच लिहा. खर्चासाठी पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) ५ टक्के अबंध निधीचा विचार करा. आरोग्य त्यात बसते.

२. वाट चालून बघा

धडधाकट माणसाला बाजेवर झोपवा, बाज बांबूला बांधा आणि गाडी येते तिथपर्यंत खरोखर न्या. किती वेळ लागतो, खांदे कुठे बदलावे लागतात, रेंज कोणत्या टेकाडावर मिळते, सगळे कळते. बाजेची दोरी आधीच ताणून घ्या. सैल बाजेत गरोदर बाई झोळीसारखी खोल जाते आणि तिला श्वास घेणे जड होते. नाल्याला पूर असताना कोणत्या बाजूला जायचे, तो दुसरा बेतही याच दिवशी ठरवा.

वाटेत झाड आडवे असेल, त्यावर बॅनर असेल, ताजी उकरलेली माती किंवा तार दिसली तर हात लावू नका. आल्या पावलांनी मागे फिरा. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा माओवाद्यांचा शहीद सप्ताह नेमका भर पावसात येतो; त्या दिवसांत प्रवास लागेल असे रुग्ण आधीच हलवा.

३. बाळंतपणाची यादी

जून ते सप्टेंबरमध्ये कोणाचे दिवस भरतात ते आशाताईंच्या वहीत असतेच. त्या बायकांना तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, पोचवा. घरची जनावरे आणि लहान पोरे कोण बघणार हे ठरले नाही तर बाई जात नाही.

४. ताप आणि साप

आशाताईंकडे मलेरियाच्या तपासणी किट, गोळ्या, ओआरएस आणि झिंक पावसाळाभर पुरेल इतके आहे का, मुदत संपली नाही ना, हे बघा. किट पत्र्याखाली उन्हात ठेवू नका. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. झटके, बेशुद्धी किंवा पाणीही पोटात न ठरणे दिसले तर बाज लगेच उचला.

सापाच्या दंशावरचे औषध गावात ठेवायची गोष्ट नव्हे. पण जवळच्या केंद्रात ते आहे का, हे मे महिन्यात विचारून घ्या. पहिल्या मात्रेलाच साधारण १० कुप्या लागतात. दंश झाल्यावर अंगठ्या, जोडवी काढा, दंश झालेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर करा आणि निघा. आवळून बांधणे, चिरा देणे नको. मण्यार रात्री झोपेत चावतो, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या की ओळखा. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपलात तर डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

सापावर मंत्र घालणाऱ्या पुजाऱ्याला डावलू नका, या तयारीत सोबत घ्या. मंत्र म्हणायचा तर बाजेसोबत चालत म्हणावा.

५. गोळी लागली किंवा स्फोट झाला तर

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. जखमी कोण, हे विचारत बसू नका. दवाखाना पोलिसांना कळवतो, तो कायदा आहे. पण म्हणून उपचार थांबत नाहीत. हे गावातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर भीतीपोटी माणूस घरातच दडवला जातो.

६. किल्ली

औषधपेटीच्या किल्ल्या दोन घरी ठेवा, आणि ती दोन घरे नाल्याच्या दोन बाजूंना असू द्या.