लॅपटॉपमधल्या एसएसडीला हीटसिंक बसवताना

लॅपटॉपचे मागचे झाकण काढले की बॅटरीच्या आसपास एक अरुंद पट्टी दिसते. २२ मि.मी. रुंद आणि बहुतेक वेळा ८० मि.मी. लांब असलेली ही पट्टी म्हणजे एम.२ प्रकारची एसएसडी, लॅपटॉपचा माहितीचा साठा. तिच्यावर ज्या काळ्या चौकोनी चिपा असतात, त्यांतल्या मोठ्या चिपा माहिती साठवतात आणि एक चिप, म्हणजे कंट्रोलर, त्या सगळ्यांचा कारभार पाहते. उष्णतेचा मुख्य उगम हा कंट्रोलर असतो. नखाएवढ्या जागेत काही वॅट वीज खर्च होत असल्याने मोठी फाइल कॉपी करताना तो झपाट्याने तापतो आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या तापमानाला पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. घरगुती वापराच्या बऱ्याच एसएसडींच्या माहितीपत्रकात कामकाजाची मर्यादा ० ते ७० अंश सेल्सिअस अशी दिलेली आढळते. वेग नेमका कितीला कमी व्हायचा, ते मात्र प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते.

हीटसिंक, म्हणजे चिपेची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, विकत घेण्याआधी तो खरोखर हवा आहे का, हे पाहावे, कारण पुष्कळ लॅपटॉपांना तो लागतच नाही. साटा या जुन्या, सावकाश जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण साडेपाचशे मेगाबाइटच्या पुढे जात नाही आणि ती क्वचितच इतकी तापते की काही करावे लागावे. प्रश्न येतो तो एनव्हीएमई या वेगवान प्रकारात, विशेषतः पीसीआयई ४.० किंवा त्यापुढच्या जोडणीवर, जिथे वेग सेकंदाला सात गिगाबाइटच्या घरात जातो. अशी एसएसडी स्वतःच्या तापमानाचा हिशेब स्वतः ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा एचडब्ल्यूइन्फो, आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल किंवा एनव्हीएमई-सीएलआय या साधनांतून तो वाचता येतो. सध्याच्या तापमानापेक्षाही त्यातली ‘वॉर्निंग कॉम्पोझिट टेम्परेचर टाइम’ ही नोंद अधिक बोलकी असते, कारण एसएसडीने आजवर किती मिनिटे इशाऱ्याच्या तापमानावर काढली, ते ती सांगते. दोन वर्षे वापरलेल्या यंत्रात हा आकडा शून्य असेल आणि जड कामाच्या वेळीही तापमान साठीच्या आतच राहत असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर परत खणात ठेवावा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. मोठी फाइल लिहिताना वेग एकदम कोसळला की माणूस उष्णतेला दोष देतो, पण तो दोष बरेचदा एसएलसी कॅशचा असतो. एसएसडी येणारी माहिती आधी वेगवान राखीव जागेत घेते, ती जागा भरली की मूळच्या सावकाश नँडमध्ये, म्हणजे चिपांच्या नेहमीच्या साठवणीत, लिहू लागते, आणि त्यावर जगातला कोणताही हीटसिंक उपाय करू शकत नाही. दोन्हींतला फरक ओळखणे अवघड नाही. फाइल लिहिताना तापमानाचा आकडा शेजारी उघडा ठेवावा. वेग कोसळताना तापमान पंचावन्न-साठच्या आसपास निवांत असेल, तर कॅश भरली आहे. आकडा पंचाहत्तर-ऐंशीकडे चढत गेला, त्याच सुमारास वेग पडला आणि एसएसडी निवल्यावर पुन्हा वर आला, तर मामला उष्णतेचा आहे. केवळ वाचनाच्या दीर्घ चाचणीतही वेग असाच पडत असेल, तर शंकेला जागा उरत नाही, कारण लिहिण्याची ती कॅश वाचताना आड येत नाही.

आता मुख्य मुद्दा. हीटसिंक उष्णता नाहीशी करत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो. त्यामुळे पहिला प्रश्न असा असला पाहिजे की तिथून ती पुढे जाणार कुठे. डेस्कटॉपच्या पेटीत वारा खेळतो, म्हणून तिथे उंच पाकळ्यांचा हीटसिंक शोभतो. लॅपटॉपच्या आत एसएसडीवर मिळून दोन-तीन मि.मी. जागा असते आणि त्या फटीतली हवा जवळजवळ स्थिर असते. तिथे तांब्याचा नुसता पत्रा चिकटवला तर काय होईल, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ७० मि.मी. लांब, २० मि.मी. रुंद आणि १ मि.मी. जाड तांब्याच्या पत्र्याचे वजन सुमारे साडेबारा ग्रॅम भरते आणि त्याला एका अंशाने तापवायला सुमारे ५ ज्यूल उष्णता लागते. कंट्रोलर ४ वॅट उष्णता सोडत असेल आणि पत्र्यातून ती बाहेर जाऊ शकत नसेल, तर पत्रा ३० अंशांनी तापायला जेमतेम ३५ ते ४० सेकंद लागतील. म्हणजे दहा-वीस सेकंदांच्या कामांसाठी हा पत्रा उत्तम आहे, कारण तेवढा भार तो पोटात घेतो आणि नंतर सावकाश निवतो; पण अर्धा तास चालणाऱ्या कामात तो फक्त थोडा वेळ काढून देतो.

दीर्घ भारासाठी उष्णतेला बाहेरची वाट लागते, आणि लॅपटॉपमध्ये ती वाट म्हणजे मागचे झाकण. ते ॲल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असेल तर तळहाताएवढा मोठा हीटसिंक आपल्याला फुकट मिळालेला असतो. कंट्रोलर, पत्रा आणि झाकण यांच्यात हवेची फट न ठेवता थर्मल पॅडने, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ गादीने, सांधा जोडणे एवढेच काम उरते. झाकण प्लॅस्टिकचे असेल तर लाभ बराच कमी होतो. अशा वेळी शक्य तितका लांब-रुंद पत्रा वापरून उष्णता पसरवावी, आणि एसएसडी पंख्याच्या हवा ओढण्याच्या मार्गात असेल तर हवा आत येण्याच्या जाळीसमोर काही आडवे येणार नाही, एवढे पाहावे. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीला पत्रा टेकवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण भाराखाली ती नळी बहुधा एसएसडीपेक्षा जास्त तापलेली असते आणि उष्णता उलट दिशेने वाहू लागते. बॅटरीवर पत्र्याचे टोक नेऊन ठेवणे तर सरळसरळ चूक आहे.

पॅडच्या वेष्टनावर उष्णतावाहकतेचा आकडा ठळक छापलेला असतो आणि खरेदी करणारा त्यालाच भुलतो. जाडीचे महत्त्व त्याहून कमी नाही. १२ मि.मी. बाजूच्या चौकोनी कंट्रोलरवर १ मि.मी. जाडीचा, ३ वॅट प्रति मीटर-केल्विन वाहकतेचा पॅड ठेवला, तर ४ वॅटच्या भाराला पॅडच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ९ अंशांचा फरक पडतो. तोच पॅड अर्धा मि.मी. जाडीचा घेतला की फरक निम्म्यावर येतो. म्हणून फट धातूने भरावी आणि पॅड जेवढ्यास तेवढा ठेवावा. पॅडऐवजी प्रोसेसरला लावतात ती पेस्ट इथे वापरू नये. चिपांच्या उंचीत थोडा फरक असतो आणि पेस्ट तो भरून काढू शकत नाही.

फट नेमकी किती आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मुलांच्या खेळण्यातली मऊ, रंगीत माती कामाला येते. हरभऱ्याएवढी गोळी पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कंट्रोलरवर ठेवावी, झाकण नीट दाबून सगळे स्क्रू लावावेत, पुन्हा उघडावे आणि चपटी झालेली चकती अलगद उचलून व्हर्नियर कॅलिपरने तिची जाडी मोजावी. चकती २.३ मि.मी. भरली असे धरू. खाली ०.५ मि.मी.चा पॅड, मध्ये १ मि.मी.चा तांब्याचा पत्रा आणि वर झाकणाकडे १ मि.मी.चा पॅड, असे मिळून २.५ मि.मी. होतात. दोन्ही पॅड मिळून ०.२ मि.मी. दबतील, म्हणजे त्यांच्या जाडीच्या सुमारे १३ टक्के, आणि सांधा घट्ट बसेल. एकदा मी हे मोजमाप टाळून अंदाजाने दीड मि.मी.चा पॅड लावला होता. झाकण बसले, पण यंत्र सुरू केल्यावर एसएसडी सापडत नसल्याचा संदेश आला. उघडून पाहिले तर पट्टी मधोमध धनुष्यासारखी वाकून खोबणीतले तिचे टोक किंचित उचलले गेले होते. सुदैवाने काही तुटले नव्हते.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज निघून जाऊ द्यावी. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. काही लॅपटॉपांत एसएसडीवर मुळातच धातूचे पातळ कवच असते. ते असेल तर नव्या हीटसिंकची गरज नाही, त्याखालचा पॅड वाळला असेल तर तेवढा बदलला तरी पुरते. एसएसडीचा एकच स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी वर येते. तिच्या पाठीवरही चिपा आहेत का, ते याच वेळी पाहावे, कारण दुहेरी पट्टीखाली पॅड कोंबला की ती वाकते.

चिपांवरचे लेबल काढू नये. ते काढल्याने वॉरंटी जाऊ शकते, शिवाय काही कंपन्या लेबलखाली तांब्याचा पातळ थर देतात आणि तो उष्णता पसरवण्याचेच काम करत असतो. लेबलावरूनच पॅड लावावा. पॅडच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक कागद निघाले आहेत का, हे तपासावे. हसू येईल, पण एका बाजूचा पारदर्शक कागद तसाच राहून जाणे ही सहज घडणारी चूक आहे. पत्रा पट्टीच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद असावा आणि सोनेरी संपर्कांपासून तसेच स्क्रूच्या खाचेपासून दूर राहावा. तांबे वीज वाहून नेते, म्हणून पत्र्याची कड जिथे बारीक सुट्या भागांजवळून जाते तिथे पॉलिइमाइडची पिवळसर, उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावावी. मग पट्टी सुमारे ३० अंशांच्या कोनात खोबणीत पूर्ण सरकवून खाली दाबावी, स्क्रू हलक्या हाताने बसवावा आणि वरचा पॅड पत्र्यावर ठेवून झाकण लावावे. झाकणाला कुठे फुगवटा दिसला तर स्क्रू जोराने आवळू नये. वरचा पॅड पातळ घ्यावा.

तपासणी आधीसारख्याच परिस्थितीत करावी, म्हणजे तीच खोली, तेच टेबल, तोच भार आणि तेवढाच वेळ. पहिल्या दोन मिनिटांतला फरक डोळे दिपवणारा असतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये, कारण तो पत्र्याने उष्णता पोटात घेतल्याचा परिणाम असतो. दहा-पंधरा मिनिटांनी आकडा जिथे स्थिरावतो तो खरा. त्या वेळी झाकणाला एसएसडीच्या जागी हात लावून पाहावा. झाकण कोमट लागले तर वाट खुली झाली आहे. थंडगार लागले आणि आतला आकडा मात्र चढाच असेल, तर सांध्यात कुठेतरी फट राहिली आहे. धातूचे झाकण त्या जागी हाताला सोसवत नसेल, तर असे यंत्र मांडीवर घेऊन तासन्‌तास काम करू नये, टेबलावर ठेवावे. सिलिकोनचे काही पॅड कालांतराने तेल सोडतात, तेव्हा पुढे कधी पंखा साफ करण्यासाठी झाकण उघडले तर पॅडच्या कडांकडे एक नजर टाकावी. इशाऱ्याच्या मिनिटांचा तो आकडा बसवणीच्या दिवशी लिहून ठेवावा आणि महिन्याभराच्या नेहमीच्या वापरानंतर पुन्हा वाचावा. तो वाढलेला नसेल, तर काम झाले.