कोंकणीत चिडवायचं कसं आणि कुठे थांबायचं

सुरुवात 'पिसो'पासून करा. अर्थ वेडा, पण मित्रांमध्ये शब्द लाडाचाच. मराठी माणूस घसरतो तो लिंगात: पुरुषाला 'पिसो', बाईला 'पिशी', आणि तरुण मुलीला 'पिशें', कारण गोव्यात तिच्यासाठी नपुंसकलिंग वापरतात. मागे 'मरे' जोडलं की धार कमी होते: 'पिसो मरे तूं!' हे फक्त बरोबरीच्या दोस्ताला.

'बेबदो' म्हणजे दारुडा. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. खरोखर पिणाऱ्याला तो तोंडावर म्हणू नका, लागतो.

सगळ्यात जपायचा शब्द 'आवय', म्हणजे आई. ठेच लागल्यावर 'आवय गे!' कुणासमोरही चालतं. 'तुज्या आवयक सांग' हा साधा निरोप आहे. मात्र 'तुज्या आवयक' म्हणून थांबलात तर ती आईवरची शिवी होते, पुढचं न बोलताही. म्हणून असं वाक्य एका दमात पूर्ण करा. तसंच 'चेडूं' म्हणजे मुलगी, त्यात वावगं काही नाही. पण 'चेडी' म्हणालात तर वेश्या म्हटल्यासारखं होतं. शेवटचा 'ऊं' नाकात, स्पष्ट उच्चारा.

वडीलधाऱ्यांशी बोलताना चिडवणं नकोच. नावापुढे 'बाब' किंवा 'बाय' लावा.